भिंगरीचं दुसरं हृदय

मी न धडधडणारं हृदय बोलतोय. रक्त नाही, मांस नाही. भीती मात्र पुरेपूर आहे.

सात वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाची मी हुबेहूब प्रत. घरचे तिला भिंगरी म्हणत, पण दहा पावलं टाकली की तिचे ओठ निळे पडत. तिच्या हृदयाच्या आत जन्मापासूनच गुंतागुंत होती. स्कॅनमधली चित्रं पाहून त्रिमितीय छपाईच्या यंत्रानं मला थरावर थर देत घडवलं. शुक्रवारी सर्जनबाई मला कापून बघणार होत्या, शनिवारी तिला.

छापताना लोंबते भाग कोसळू नयेत म्हणून यंत्र खाली बारीक काड्यांचे टेकू उभारतं. तंत्रज्ञ शीळ घालत त्या काड्या तोडत होता. त्या भरात त्यानं माझी एक नाजूक रक्तवाहिनीही तोडली अन् जागा घासून टाकली. ती वाहिनी नेमकी हृदयाच्या समोरच्या बाजूनं आडवी जात होती. माझ्या अंगावर काटा आला. पण ओरडू कशानं?

शुक्रवारी बाईंनी माझ्यावर पेनानं कापायची रेघ ओढली. नेमकी तिथूनच! मग समजावून सांगायला मला भिंगरीच्या आईच्या हाती दिलं.

"घ्या, घाबरू नका."

"पडलं तर?"

"दुसरं छापू. भिंगरीचं मात्र एकच आहे."

आई शिवणकाम करायची. तिचा अंगठा रेघेवरून फिरला नि थबकला.

"बाई, इथं खरखरीत लागतंय."

"काड्या तोडल्याच्या खुणा आहेत, मावशी," तंत्रज्ञ हसला. "हे काय ब्लाउज आहे?"

"ब्लाउज असता तर उसवून परत शिवला असता," आई म्हणाली. "ही दोन टोकं समोरासमोर आहेत बघा. मधला दोरा कुणीतरी कापलाय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावर स्कॅन उघडला. वाहिनी तिथंच होती, रेघेला आडवी. उद्या सुरी तिच्यावरूनच गेली असती.

"मी... काडी समजलो," तंत्रज्ञ पुटपुटला.

"दुसरं छापा. आत्ता."

माझ्या भावंडावर सराव झाला. बाईंनी वाहिनी टाळणारी नवी वाट शोधली अन् शनिवारी त्याच वाटेनं शस्त्रक्रिया केली. महिन्याभरानं भिंगरी रुग्णालयाचा जिना धावत चढून आली. धापा टाकत होती, पण ओठ गुलाबी होते.

मी आता तंत्रज्ञाच्या टेबलावर असतो. काडी तोडण्याआधी तो स्कॅन बघतो, मग माझ्याकडे. शीळ घालत नाही. प्रत्येक कटकन आवाजाला मी अजून दचकतो.

बाई म्हणाल्या होत्या, घाबरू नका. मी म्हणतो, कुणाचं हृदय हातात घ्याल तेव्हा थोडं घाबरा.