एक तरी औषध हवंच

नूकालम्माच्या प्लेटवर एकही वर्तुळ उमटलं नव्हतं.

भ्रमरांबाने जंतू वाढवलेली ती प्लेट लॅबच्या खिडकीशी नेऊन तिरकी धरली, उलटी धरली, चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली. औषधाच्या सोळा टिकल्या. जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत, मोकळं वर्तुळ राहतं. इथे जंतू सोळाही टिकल्यांना खेटून बसले होते, पंगतीत पहिल्या वाढीची वाट बघत बसावं तसे. अगदी शेवटचा उपाय म्हणून एक औषध नळीत तपासतात. ती नळीही गढूळ, म्हणजे तिथेही जंतू वाढलेले.

नूकालम्मा याच लॅबची. वीस वर्षं तिने जंतूंच्या काचेच्या प्लेटी घासल्या, कधी साधी शिंकली नाही. मग घराच्या पायरीवरून घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि वरच्या वॉर्डात पडल्या पडल्या हा जंतू रक्तात शिरला. आता तीनला अॅम्ब्युलन्स येणार होती. विशाखापट्टणमच्या मोठ्या दवाखान्यात अशा रोग्यांना दोन-तीन औषधं एकत्र देऊन पाहतात, आशा म्हणाल तर तेवढीच. तिथे एक खाट राखून ठेवली होती. अट एकच, छापील रिपोर्ट सोबत हवा.

भ्रमरांबाने सतरा औषधांपुढे 'लागू नाही' भरलं आणि बटण दाबलं. कंप्युटरने तांबडी पाटी दाखवली: रिपोर्ट अपूर्ण. किमान एक औषध लागू दाखवा.

तिने ही सिस्टीम बसवणाऱ्या विजयवाड्याच्या कंपनीला फोन लावला.

"मॅडम, सिस्टीम बरोबर सांगतेय," पलीकडचा पोरगा म्हणाला. "एक तरी औषध लागू पडलं पाहिजे."

"ते जंतूंना सांगा."

"त्यासाठी तक्रार नोंदवावी लागेल. पंधरा दिवस."

"पेशंटकडे पंधरा दिवस नाहीत."

"मग अर्जंट लिहितो. अर्जंटला बारा."

लॅबचे प्रमुख डॉक्टर सोमयाजुलु इडली खात होते. "हाताने लिहिलेला रिपोर्ट विशाखापट्टणमवाले वाचतच नाहीत," ते म्हणाले. "तुम्हीच काहीतरी करा, भ्रमरांबागारू. मी सही करतो. सही मी चांगली करतो."

अडीच वाजले. यादीत अठ्ठाविसाव्या नंबरला एक जुनं औषध होतं. ते बनवणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. लॅबमध्ये त्याची टिकलीसुद्धा नव्हती. जे बाजारातच नाही ते लागू दाखवलं तर कुणाचं काय बिघडणार, असा विचार करून भ्रमरांबाने अठ्ठाविसापुढे 'लागू' भरलं. कंप्युटरने हिरवी पाटी दाखवून तिचे आभार मानले.

रिपोर्ट वर वॉर्डात गेला. वीस मिनिटांत ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने विशाखापट्टणमची खाट सोडून दिली. औषध आहे म्हटल्यावर तिथे कशाला, इथेच देऊ.

हे कळून भ्रमरांबा जिने चढून वर पोचली तेव्हा अॅम्ब्युलन्स फाटकाबाहेर पडत होती, रिकामी.

"सर, ते औषध मिळत नाही."

"मिळत नाही आणि लागू पडत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," सर्जन म्हणाला.

"लागूही पडत नाही. मी तपासलंच नाही."

"मग लिहिलंत कसं?"

"कंप्युटर ऐकत नव्हता."

सर्जनने लगेच फोन लावला. खाट दुसऱ्या कुणाला दिली होती. त्याने रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली. "आता हे कुणाजवळ बोलू नका."

पण नूकालम्माच्या मुलाने, अप्पलराजूने, रिपोर्टाचा फोटो आधीच काढला होता आणि स्वतःची रिक्षा घेऊन तो औषध शोधायला निघालाही होता. राजमहेंद्रवरम झालं, एलुरू झालं, अमलापुरम झालं. भ्रमरांबाने त्याला फोनवर सांगितलं, "राजू, ते खोटं आहे. परत ये."

"अक्का, झोप नाही झाली का तुझी? छापून आलंय!"

तिसऱ्या दिवशी तो परतला. गुरांचा एक डॉक्टर मेला होता, त्याच्या कपाटात त्याला सहा बाटल्या सापडल्या होत्या. मुदत संपून सात वर्षं उलटलेली. येताना त्याने काजा या पाकातल्या मिठाईचा पुडा आणला आणि लॅबभर वाटला. सोमयाजुलुंनी दोन घेतले.

भ्रमरांबाच्या हातात काजा तसाच होता. ती तो घेऊन वॉर्डात गेली. नूकालम्मा तापाने काळवंडली होती, पण शुद्धीत होती.

"अम्मडू, माझी प्लेट दाखव."

प्लेट वॉर्डात नेता येत नाही. भ्रमरांबाने मोबाईलवरचा फोटो पुढे धरला. नूकालम्मा बराच वेळ पाहत राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वीस वर्षांत कुठल्या प्लेटचं माणूस घरी जातं आणि कुठल्या प्लेटचं जात नाही, हे ती घासण्याआधी प्लेटी जंतू मारायच्या भट्टीत भरता भरता ओळखायला शिकली होती.

"एकही भोक नाही गं."

"माझ्यामुळे तुझी खाट गेली, अम्मा."

"गेली तर गेली. रडून जंतू मरतात का? मरत असते तर तुझी लॅब कशाला लागली असती?" मग तिने दाराकडे पाहिलं. राजू नर्सला बाटल्या मोजून देत होता. "त्याला आता काही सांगू नकोस. त्याने तीन गावं पालथी घातलीत. नर्सला सांग, नुसतं सलाईन सोड म्हणावं. पण त्याच्यासमोर. आणि बाटली त्याचीच दिसू दे."

नर्सने तसंच केलं. राजू स्टुलावर बसून एकेक थेंब पडताना पाहत होता. "अक्का," तो म्हणाला, "आता नवी प्लेट लावलीस तर वर्तुळ दिसेल ना?"

"दिसेल," भ्रमरांबा म्हणाली. एकदा खोटं 'लागू' भरलं होतंच.

नूकालम्मा गुरुवारी सकाळी गेली. पाच बाटल्या उरल्या होत्या.

शुक्रवारी वाफेच्या भट्टीतून आठवड्याच्या प्लेटी बाहेर आल्या, नूकालम्माचीही त्यांतच. घासायला माणूस नव्हतं. भ्रमरांबाने पदर खोचला आणि बसली. सगळ्या प्लेटी आता सारख्याच होत्या, कुठली कुणाची ते कळत नव्हतं. तिने सगळ्याच हलक्या हाताने घासल्या.