कडेला सारलेले दाणे

भुपेंद्रच्या कागदात शंभरातले पंचाहत्तर दाणे उगवले होते, माझ्या कागदात ब्याण्णव. धान एकाच थैलीतलं, उगवणीची मशीनही एकच. रुचि मॅडमनं दोघांचे ओले कागद टेबलावर उलगडले अन् चष्मा वर केला.

"कोणाचं बरोबर आहे?"

"माझं," मी म्हटलं. त्यांचं विचारून व्हायच्या आधीच.

आमची लॅब विद्यापीठाची आहे, गोंदियाच्या बाहेर, राइस मिलांच्या मागं. बियाणं तपासायची. मी अन् भुपेंद्र इथं डिग्री अप्रेंटिस आहो. आठवड्यातले चार दिवस लॅबमध्ये काम, दोन दिवस वर्ग, तीन वर्षांनी बीएस्सी. शाळा तर मी नववीतच सोडली होती. मास्तर सगळ्या वर्गासमोर माझ्या आईवरून बोलला, मी डस्टर फेकून मारलं, परत गेलीच नाई. मंग ओपन स्कूलमधून दहावी-बारावी काढली, तेव्हा कुठं इथं नंबर लागला. आता मले एकोणिसावं चालू आहे अन् डोकं अजून तसंच आहे. जानेवारीत भुपेंद्र मले "ओपन स्कूलवाली" म्हणून हसला, तर मी पाण्याची अख्खी बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली. लेखी वॉर्निंग भेटली. दुसरी भेटली की अप्रेंटिसशिप खतम, डिग्रीही खतम.

काम दिसायले सोपं आहे. थैलीतले चारशे दाणे मोजायचे, शंभर-शंभर करून ओल्या कागदात गुंडाळायचे, मशीनमध्ये उभे ठेवायचे. चौदाव्या दिवशी किती उगवले ते लिहायचं. शंभरात ऐंशी उगवले तर बियाणं पास. हे धान सौंदडकडच्या एका बचत गटाचं होतं. त्या गटाची जमुनाबाई दर दोन दिवसांनी फोन करे, कारण परे, म्हणजे धानाची रोपं, टाकायचे दिवस आले होते अन् बायका बियाण्यासाठी थांबल्या होत्या.

दोनशे दाणे भुपेंद्रनं मोजले होते, दोनशे मी. त्याचे पंचाहत्तर अन् चौऱ्याहत्तर, माझे ब्याण्णव अन् नव्वद. एवढा फरक चालत नाई, सगळं पुन्हा लावाव लागते. मॅडमनं भुपेंद्रचा कागद बोटानं दाबून पाहिला. एक कड सुकली होती, अन् सुक्या कागदात दाणा उगवत नाई. तो म्हणाला कागद बरोबर भिजवला होता. मले कोणी विचारलं नव्हतं, तरी मी बोलली की हा मोबाइल पाहत पाहत भिजवते. एकदा भिजवला होता त्यानं तसा. एकदाच.

मॅडमनं तिथंच ठरवलं. यावेळी चारशेही दाणे मी एकटीनं लावायचे. भुपेंद्रनं टेबलाले हात लावायचा नाई, काचेचं सामान धुवायचं. अन् त्याच्याबद्दलचं पत्र शुक्रवारी पाच वाजता विद्यापीठात जाणार. त्या पत्राचा अर्थ आमाले दोघांलेही मालूम होता, भुपेंद्रची अप्रेंटिसशिप खतम. भुपेंद्र नवेगाव बांधवरून रोज बसनं येते. त्या दिवशी त्यानं डबा उघडला नाई.

शुक्रवारी दुपारी मी मोजायले बसली. भुपेंद्र नळाजवळ पाठ करून उभा होता. एक शंभर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. घाम पुसायले मान वळवली तर टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात मले चिमूटभर धान दिसलं. बारीक, काळपट, डाग पडलेलं, अर्धवट भरलेलं. ते मी ठेवलं नव्हतं. म्हणजे ठेवलं मीच होतं, पण मले पत्ता नव्हता.

मी थैलीतून आणखी दहा-वीस दाणे काढले अन् मोजता मोजता आपल्याच हातांवर नजर ठेवली. उजवा हात मोजून राहिला होता. डाव्या हातानं एक काळा दाणा कडेला सारला. मंग अजून एक.

मी चार वर्षांची होती तवापासून आईसंगं सुपापुढं बसली. खराब दाणा दिसला की हात त्याले बाहेर काढतेच, कोणी सांगाव लागत नाई. पण लॅबमध्ये डागी दाणाही दाणाच असते. हाताले जो लागला तो घ्यायचा, निवडायचा नाई. हे मॅडमनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी ते परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते.

कोपऱ्यातले दाणे मोजले. एकसष्ट.

म्हणजे माझे ब्याण्णव खोटे होते. भुपेंद्रचे पंचाहत्तर खरे. बियाणं नापास.

घड्याळात पाचले वीस कमी होते. ते एकसष्ट दाणे मी मुठीत घेतले. कचऱ्याचा डबा पायापाशीच होता, टाकले असते तर कोणी पाहणारं नव्हतं. मंग चौदा दिवसांनी पुन्हा नव्वद आले असते, जमुनाबाईनं ते धान गावभर वाटलं असतं अन् पाव हिस्सा परे उगवलेच नसते. दुसराही रस्ता डोक्यात आला. दाणे गुपचूप थैलीत मिसळायचे अन् आता नीट मोजायचे. बियाणं आपोआप नापास होते, माझं नाव येत नाई. पण पत्र तर आजच जाणार होतं.

शिपाई दुधराम दारात येऊन पाकीट तयार झालं काय विचारून राहिला होता. मी त्याच्या बाजूनं मॅडमच्या केबिनमध्ये घुसली.

"मॅडम, पत्र थांबवा."

"का?"

मी टेबलावर मूठ उघडली. चार-पाच दाणे घामानं तळहातालेच चिकटून राहिले, ते झटकाव लागले.

"हे मी निवडून बाजूले काढले. तीनशे मोजता मोजता."

"मुद्दाम?"

"नाई. हातानं निवडले. मले आत्ता दिसलं."

"मागच्या वेळचे दोनशे?"

"ते कोणी पाहिले, मॅडम. पण हात तर हाच होता."

मॅडमनं दाणे एका कागदावर ओढून घेतले. मंग त्यांनी भुपेंद्रले आवाज दिला अन् सगळं सांगितलं. त्याचे हात कोपरापर्यंत साबणाचे होते. त्यानं दाणे पाहिले, मंग मले.

"दोन दिवस झाले, मी घरी बोललो नाई," तो म्हणाला. "आई विचारते काय झालं, तर मी म्हणतो दात दुखते."

मले माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "मंग आता बोल ना, कोणी धरलं तुले?"

"नीतू," मॅडम म्हणाल्या. एवढंच. माझी मान खाली गेली.

त्यांनी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं अन् दुधरामले परत पाठवलं. मंग रजिस्टर काढून माझ्यापुढं सरकवलं. काय झालं ते मी माझ्या हातानं लिहायचं, ते विद्यापीठात जाईल. मले ठेवायचं की काढायचं, तिकडचे लोक ठरवतील. मॅडम खाली आपलं मत लिहिणार होत्या. कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाई.

"आधी त्या बाईंना फोन कर," त्या म्हणाल्या. "तूच कर."

जमुनाबाईनं पहिल्याच घंटीले उचलला. "पास झालं का, बाई?"

मी सांगितलं की मोजणी चुकली, पुन्हा लावाव लागते, चौदा दिवस जातील.

"चौदा दिवसांनी आमी परे कुठं टाकाव, माय?"

मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली नाई, पण फोनही हातातून घेतला नाई.

"कागदावर अजून काही नाई, मावशी," मी म्हटलं. "पण ते धान शंभरात पंचाहत्तरच उगवून राहिलं. तुमी दुसरं बियाणं पाहा."

पलीकडं बायकांचा गलका होता, तो थांबला. तिनं सगळ्यांले सांगितलं वाटते. मंग ती परत फोनवर आली.

"चूक कोणाची झाली?"

"माझी."

"तू कोण?"

मी नाव सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला.

भुपेंद्रनं हात पुसले अन् मोजणीच्या टेबलावर जाऊन बसला. मी मोजलेले तीनशे दाणे अन् मॅडमच्या कागदावरचे एकसष्ट त्यानं परत थैलीत ओतले, थैली हलवली, अन् पहिल्यापासून सुरू केलं. मी रजिस्टर उघडलं. पहिली ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. मॅडमनं मान वर केली नाई.