साडेसहा मिलिमीटर

सहाशे मीटरवरच्या कागदाला भोक पडलं, की ते कुणी पाडलं हे कागद विचारत नाही. स्वाती गजभियेला एडमंटनबाहेरचा तो शूटिंग क्लब आवडायचा तो एवढ्याचसाठी.

नागपूरला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून ती इकडे आली त्याला नऊ वर्षं झाली होती. तेल कंपन्यांचे प्रेशर गेज तपासून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिची नोकरी होती. मराठी मंडळात ती नव्याने गेली तेव्हा लोक हसतमुखाने आडनाव विचारायचे. ‘गजभिये’ म्हटलं की ‘अच्छा, अच्छा’ व्हायचं आणि बोलणं विंटर टायर्सवर यायचं. गणपतीत तिच्या वाट्याला खुर्च्या मांडणं आणि पार्किंग बघणं येई. नैवेद्याच्या स्वयंपाकघरात मात्र नेमकी दर वेळी माणसं पुरेशी असायची. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नव्हतं, त्यामुळे तक्रार तरी कसली करायची?

लॅबमधल्या एका बाईने तिला क्लबात नेलं, आणि स्वातीला आपल्या हाताची ओळख झाली. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, ट्रिगर दाबतोय हे बोटालाही कळू द्यायचं नाही. दोन वर्षांत गुणांच्या यादीत तिचं नाव पहिल्या पाचांत गेलं.

२००९च्या वसंतात जयदीप इंगवले आणि शैलेंद्र जोगळेकर तिथे आले. जयदीप कोल्हापूरचा, पाइपलाइन इंजिनिअर. भेटल्यावर तिसऱ्या वाक्यात आजोबांची दुनळी बंदूक आणि त्यांनी मारलेली रानडुकरं यायची. शैलेंद्र पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, जयदीप जाईल तिथे जाणारा. पहिल्याच दिवशी जयदीप तिचा कागद हातात धरून उभा राहिला.

“हे तुम्ही मारलंय? आईशप्पथ! शैल्या, बघ की, पाचही भोकं चहाच्या बशीखाली झाकतील.”

दुसऱ्या आठवड्यात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. शनिवारी तिघं एकत्र जाऊ लागले. येताना कॉफी, वाऱ्यावरून वाद, जयदीपच्या फुशारक्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वातीला आपण कुणाची तरी वाट बघतो आणि कुणीतरी आपली वाट बघतं असं वाटू लागलं. हे फार मोठं सुख आहे असं ती कुणाला म्हणाली नसती. पण शुक्रवारी संध्याकाळी ती रायफलची नळी दोनदा पुसायची.

जुलैत जयदीपला मूसच्या, म्हणजे तिकडच्या घोड्याहून उंच हरणाच्या, शिकारीचा परवाना लागला. चार वर्षं तो ड्रॉमध्ये नाव टाकत होता. आता प्रश्न रायफलचा. सुनेत्राने, म्हणजे त्याच्या बायकोने, बेसमेंटमध्ये एकच बंदूक ठेवायला परवानगी दिली होती. म्हणजे उन्हाळ्यात सहाशे मीटरवर कागद फोडायचा आणि नोव्हेंबरात साडेचारशे किलोचं जनावर पाडायचं, दोन्ही एकाच रायफलने. कॅलिबर, म्हणजे नळीचं माप, कुठलं घ्यायचं?

“थ्री हंड्रेड मॅग्नम,” जयदीपने टिम हॉर्टन्स कॉफीशॉपच्या टेबलावर थाप मारली. “विषय कट.”

“कशासाठी?” स्वातीने विचारलं.

“अगं, मूस आहे तो. ससा नाही.”

स्वातीने दोन आठवडे घेतले. मग एका शनिवारी तिने एक तक्ता टेबलावर ठेवला. पाच कॅलिबरं, प्रत्येकाची गोळी किती खाली पडते, वाऱ्याने किती सरकते, तीनशे मीटरवर किती जोर उरतो आणि खांद्याला किती धक्का बसतो.

“ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा धर,” ती म्हणाली. “सहाशे मीटरवर तुझी मॅग्नम जेवढी सरकते, जवळजवळ तेवढीच ही साडेसहा मिलिमीटरची स्वीडिश सरकते. गोळी बारीक आणि लांब आहे, वारा कापते. धक्का मात्र निम्म्याहून कमी.”

“आणि मूस?”

“स्वीडनमध्ये शंभर वर्षं याच काडतुसाने मूस मारतायत. गोळी मऊ नाकाची हवी, कागदासाठी वापरतो ती नाही. आणि अडीचशे मीटरच्या पुढे ट्रिगरला हात लावायचा नाही. तेवढं पाळलंस तर हीच.”

“साडेसहा म्हणजे अगदीच पेन्सिल की गं. आजोबा वरून हसतील.”

“आजोबांचा खांदा तुझ्याकडे नाही. मागच्या महिन्यात भाड्याची मॅग्नम चालवलीस तेव्हा दहाव्या गोळीपासून तू आवाजाआधीच डोळे मिटत होतास. मी मोजलंय.”

शैलेंद्र इतका हसला की कॉफी शर्टावर सांडली. जयदीपनेही हसून हात जोडले. “बाई, तुम्ही म्हणाल ते. पण एका अटीवर. नोव्हेंबरात तू बरोबर यायचं. You’re part of the team.”

घरी तिच्या नवऱ्याला, राजरत्नला, हे पटलं नाही. तो जिभेने नागपूरकर, नोकरीने सरकारी ऑडिटर, आणि शहरातल्या आंबेडकर असोसिएशनचा सेक्रेटरी.

“काहून जातेस त्यांच्यासंग?” तो म्हणाला. “अन् रविवारी विहारात जीव मारणार नाही म्हणून पहिलं शील म्हणायचं, शनिवारी मूस मारायचा?”

“मी मारणार नाही. परवाना त्याचा, गोळी त्याची. मी अंतर मोजणार.”

“ते तुला अंतर मोजायला नेऊन राहिले?”

“दुसरं कशाला नेतील?”

“मला काय माहीत. पण ते लोक फुकट नाही नेत कोणाला.”

“तुला प्रत्येक माणसात तेच दिसतं,” स्वाती म्हणाली. तिच्या आवाजातली धार तिलाच नवी होती. त्यानंतर या विषयावर ते बोलले नाहीत.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, उजाडताना, ते एडसनच्या पुढच्या जंगलात होते. तापमान उणे सहा. तेल शोधण्यासाठी पूर्वी कापलेली सरळ पट्टी, कटलाइन, झाडांमधून क्षितिजापर्यंत गेलेली. तिघं तिच्या कडेला पालथे पडले. नऊच्या सुमाराला एक नर डावीकडून पट्टीत आला आणि थांबला. नाकातून निघणारी वाफसुद्धा दिसत होती.

“एकशे नव्वद,” स्वाती कुजबुजली. “वारा नाही. खांद्याच्या मागे. श्वास सोड.”

जयदीपने डोळे मिटले नाहीत. आवाज झाला, मूस दचकल्यासारखा पुढे चालू लागला, चाळीसेक पावलं गेला, आणि मागच्या पायांवर बसावं तसा बसला. मग आडवा झाला. एका गोळीत. स्वातीला आनंद झाला आणि त्याच क्षणी पहिलं शील आठवलं. दोन्ही खरं होतं.

जयदीपने तिला मिठीच मारली. “पेन्सिल म्हणालो मी हिला! स्वाती, तू जीनियस आहेस. लिहून देतो.”

त्याने शिंगाला परवान्याचं टॅग बांधलं. फोटो झाले. जयदीप शिंगं धरून, शैलेंद्र रायफल धरून, मग स्वातीने काढलेला दोघांचा. तिघांचा काढायला कुणी नव्हतं.

मग जयदीपने सॅकमधून सुऱ्यांचा नवाकोरा संच काढला, आणि मोठी सुरी मुठीकडून स्वातीपुढे धरली.

“चल, कर सुरू.”

“काय?”

“अगं, पोट साफ करायला पाहिजे ना. मग सोलायचं. मांस टाकून गेलो तर fine बसतो.”

“ते माहीत आहे. मला का देतोस?”

जयदीप हसला. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हेच तिला नंतर सर्वांत जास्त आठवलं. “आम्हाला कुठलं येतंय? आजोबा गोळी घालायचे फक्त. बाकीचं करायला माणसं असायची.”

“मलाही येत नाही.”

“म्हणजे, तू केलं नसशील. पण तुमच्याकडे… घरात, जुन्या काळी… हाताला असतं ना ते. वाईट अर्थाने नाही म्हणत.”

“तिचं सायन्स बॅकग्राउंड आहे ना, त्या अर्थाने,” शैलेंद्र घाईघाईने म्हणाला.

“मी फिजिक्सची आहे, शैलेंद्र. मी बेडूकसुद्धा कापलेला नाही.”

“Come on, स्वाती,” जयदीप आता खरोखर गोंधळला होता. “मग प्लॅन काय होता आपला? मी तर वेगळा माणूसच बघणार होतो, इथला एखादा, पैसे देऊन. हाच म्हणाला, गजभिये आहे ना बरोबर, टेन्शन घेऊ नको.”

शैलेंद्र झाडांकडे बघू लागला.

स्वातीने मनातल्या मनात महिने मागे मोजले. सुनेत्राची अट जुलैत, तक्ता ऑगस्टमध्ये. “कधी म्हणाला?”

“कधी म्हणजे? ड्रॉ लागला तेव्हाच.”

म्हणजे तक्त्याच्या आधी. तिच्या आकड्यांच्या, पाच भोकांच्या आणि एकशे नव्वद मीटरच्या कितीतरी आधी तिचं काम ठरून गेलं होतं.

उमरेडजवळच्या एका गावात तिच्या आज्याच्या दाराशी हेच काम बांधलेलं होतं. गावात ढोर मेलं की पाटलाचा माणूस यायचा, आणि आजा दोर घेऊन निघायचा. धम्मदीक्षेनंतर एके सकाळी तो निघाला नाही. बैल तीन दिवस गोठ्यात पडून राहिला. पुढे अख्खा उन्हाळा गावाने त्यांचं काम बंद ठेवलं, विहीर बंद ठेवली. वडिलांनी ही गोष्ट तिला एकदाच सांगितली होती, एम.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी. तीही अगदी कोरड्या आवाजात.

मूस तिच्या पायाशी होता. एवढ्या जाड कातडीखाली उष्णता तासन्‌तास अडकून राहते, बाहेर उणे सहा असलं तरी. मांड्यांच्या हाडाजवळचं मांस आधी नासतं. हे जनावर तिने मोजलेल्या अंतरावर मेलं होतं. सोडून जाणं तिला शक्य नव्हतं आणि सुरी घेणंही शक्य नव्हतं.

तिने सॅकमधून फाइल काढली. शिकारीच्या कोर्सच्या पुस्तकातली पानं तिने झेरॉक्स करून आणली होती. गृहपाठाची सवय. ती एका पडलेल्या ओंडक्यावर बसली.

“टॅगवर नाव तुझं आहे, जयदीप,” ती म्हणाली. “मी वाचते. तू कर.”

“मस्करी करतेस?”

“पायरी एक. जनावर पाठीवर वळवा. शैलेंद्र, मागचा पाय धर. दोन्ही हातांनी.”

“स्वाती, हे जरा जास्त होतंय,” शैलेंद्र म्हणाला.

“पायरी दोन. पात्याची धार वर ठेवा. पात्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवा, म्हणजे आतडं फुटणार नाही.”

ती लॅबमध्ये रीडिंग सांगताना बोलायची त्याच आवाजात बोलत होती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पंधरा किलोमीटरपर्यंत दुसरं माणूस नव्हतं, फोनला रेंज नव्हती, आणि दंडाची रक्कम तिघांनाही पाठ होती. शेवटी जयदीपने हातमोजे काढले.

आतडं फुटलंच. वास आला तसा शैलेंद्र पाय सोडून झाडामागे पळाला. त्याच्या ओकण्याचा आवाज थांबेपर्यंत स्वाती थांबली, मग तीच पायरी पुन्हा वाचली. जयदीप कोपरापर्यंत आत हात घालून श्वासनलिका शोधत होता, त्याच्या चष्म्यावर वाफ साचली होती आणि ती पुसायला त्याच्याकडे स्वच्छ बोट नव्हतं. एकदा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण त्याहून जास्त नवल होतं. दिवा लावायचं बटण दाबावं आणि बटणाने नाही म्हणावं, तसं.

चार तास लागले. शेवटच्या तासात ती उठली आणि मांसाच्या पिशव्या ट्रकपर्यंत वाहू लागली. एकेक, त्यांच्याइतक्याच.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबले. जयदीप वॉशरूममध्ये गेला तो बराच वेळ आला नाही. आतून पाण्याचा आवाज येत होता.

“एवढं ताणायला नको होतंस,” शैलेंद्र पुढच्या सीटवरून, मागे न वळता म्हणाला. “माणूस मनाने चांगला आहे तो. त्याने तुला किती मान दिला.”

“तू म्हणाला होतास ना, टेन्शन घेऊ नको?”

“ते मी… casually म्हणालो गं. तू सगळं पर्सनली घेतेस.”

स्वातीने झेरॉक्सची पानं फाइलमध्ये परत लावली. पुढच्या शनिवारी फोन येणार नाही, हे तिला कळलं होतं. क्लबच्या यादीत आणि वारा दाखवणाऱ्या झेंड्यांमध्ये काहीच बदल होणार नव्हता. ती एकटी जाईल आणि पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत घालेल. फक्त येताना कॉफीला थांबायचं कारण उरणार नाही.

घरी पोचली तेव्हा सहा वाजले होते. राजरत्न ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता. तिला बघून थांबला, फावड्यावर रेलला. तो काय विचारणार हे तिला माहीत होतं, आणि उत्तर ऐकल्यावर तो काही म्हणणार नाही, हेही. नुसता बघेल. ते बघणं आज तिला झेपलं नसतं.

“भेटला काय मूस?”

“भेटला. एका गोळीत.”

“अन् ते सोलणं, कापणं?”

“जयदीपने केलं.”

“स्वतः?” राजरत्नच्या भुवया टोपीत गेल्या. “त्या इंगवलेनं? आपल्या हातानं?”

“हो. कोपरापर्यंत हात घालून.”

राजरत्नने फावडं बर्फात रोवलं. मग लाजल्यासारखा हसला. गेले तीन महिने तो तिच्यासमोर असा हसला नव्हता.

“मग माझंच चुकलं म्हणायचं,” तो म्हणाला. “बदलून राहिले लोक. बोलाव ना त्यांना एकदा जेवायला.”

“बघू,” स्वाती म्हणाली, आणि बूट काढायला आत गेली.