रिकामे खिसे

ढब्बूला डॉक्टरीणबाईंनी पथ्याचं खाणं लिहून दिलं तेव्हा मला आनंदच झाला. पथ्य हा माझा प्रांत. सव्वीस वर्षं मी वॉर्डात नर्स आहे आणि माझ्या हाताखाली एकाही पेशंटची चोरून वडा-भजी खाण्याची टाप नव्हती. इथे तर नुसता एक कुत्रा होता, आणि त्याच्या जोडीला माझे सासरे.

ढब्बू खाजवून खाजवून पोट सोलून घ्यायचा. खाण्यातलं काहीतरी त्याला सोसत नव्हतं. बाई म्हणाल्या, "आठ आठवडे या पाकिटातल्या दाण्यांशिवाय एक कणसुद्धा द्यायचा नाही. एक घास चुकला, की पुन्हा पहिल्यापासून."

मी फ्रिजवर तक्ता लावला. एका रकान्यात खाणं, दुसऱ्यात औषध. घरात सगळ्यांना दम भरला. नवरा म्हणाला, "कुत्र्याला पथ्य आणि आम्हाला पहारा!" बाबा, म्हणजे सासरे, हसले. ढब्बू खरा त्यांचाच होता. त्यांच्या खुर्चीखाली झोपायचा, त्यांच्याबरोबर संध्याकाळी फिरायला जायचा.

पाचव्या आठवड्यात पोट पुन्हा लालबुंद झालं. मी बाबांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात बिस्किटाचा चुरा.

"बाबा, दिलंत ना त्याला?"

"नाही गं. चहाबरोबरचं उरलं होतं, ते मीच खाल्लं."

"परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला तुमचा. दिलं असेल आणि विसरला असाल."

ते काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसले. माझी जीभ तशी तिखटच, आणि त्यात आपलं बरोबर आहे अशी खात्री असली की मी कुणाचं ऐकत नाही.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता रोज संध्याकाळी फिरायला निघण्याआधी मी दारात उभी राहून बाबांचे खिसे तपासायची. ऐंशीच्या घरातला माणूस, शाळकरी पोरासारखे दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवायचा. शेजारीण जिन्यातून बघायची. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

या खेपेला सहाव्या आठवड्यात ढब्बूने खाजवून रक्त काढलं. मी बाबांसमोर त्याला उताणं करून पोट दाखवलं. "बघा तुमच्या लाडाचे प्रताप."

त्यांनी वाकून ती जखम जवळून बघितली. मग म्हणाले, "मी देत असेन बहुतेक. मला खरंच आठवत नाही." दोन दिवसांनी त्यांनी बॅग भरली. "मुलीकडे राहतो काही महिने. मी इथे असलो, तर हा बरा व्हायचा नाही." नवऱ्याने थांबवायचा प्रयत्न केला. मी थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

मग तिसऱ्यांदा सुरुवात. घरात आम्ही दोघंच, दोघंही दिवसभर कामावर. तरीही पाचव्या आठवड्यात पोट लाल.

मी तक्ता उपटला आणि तरातरा दवाखान्यात गेले. तुमच्या पाकिटातच खोट आहे, असं ठणकावून सांगणार होते. बाईंनी तक्ता शांतपणे वाचला. औषधाच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

"थायरॉइडची गोळी, दोन वेळा. ही तो नुसती गिळतो?"

"छे! चीजच्या तुकड्यात लपवून देते. एवढासा, वाटाण्याएवढा."

त्यांनी बोट बाजूच्या खाण्याच्या रकान्यावर सरकवलं. रोज सकाळ-संध्याकाळ, माझ्या हाताने, वेळ बघून, तक्त्यावर खूण करून. औषध ते औषध, ते खाण्यात कुठे धरायचं? सव्वीस वर्षांत कधी धरलं नव्हतं.

त्या दिवसापासून पथ्याचेच दाणे भिजवून, त्यांची गोळी वळून त्यात औषध द्यायला लागले. आठ आठवड्यांत ढब्बूच्या पोटावर नवी लव आली. बाबांना लगेच सांगितलं नाही. आधी खात्री करून घेऊ, असं नवऱ्याला म्हणाले. खरी गोष्ट अशी, की मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ते दोन महिने मी फुकट घालवले.

शेवटी एका रविवारी ढब्बूला घेऊन नणंदेकडे गेलो. तिने दारातच हळू आवाजात सांगितलं, "हल्ली फार विसरतात. कालचं आज आठवत नाही."

ढब्बू बाबांच्या अंगावर झेपावला. त्यांचा चेहरा उजळला, हात पुढे झाला, आणि मधेच थांबला. त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. घाईघाईने त्यांनी शर्टाचे दोन्ही खिसे बाहेर काढले.

"बघ, काही नाही."

मी त्यांच्या पायाशी बसले. "बाबा, तुम्ही कधीच काही दिलं नव्हतं. मी देत होते. गोळीबरोबर चीज. माझी चूक होती."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, आजारी मुलाची समजूत काढतात तसा.

"तू कशाला अंगावर घेतेस? मीच द्यायचो. सगळं विसरतो मी, पण तेवढं पक्कं लक्षात आहे."