भेंडीची टोकं

दादाचा हात चालतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. परदेशी शिकायला जाऊनही तो चालायचा थांबला नाही, हे मात्र फक्त धाकटीला ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी त्यानं खोलीतल्या जोडीदाराचे दोन दात पाडले. कारण काय, तर त्यानं दादाचं दूध संपवून रिकामा डबा पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला! कॉलेजनं बजावलं, पुन्हा कुणावर हात उचललास तर थेट घरची वाट. दादानं फोनवर धाकटीपाशी शपथ घेतली, स्वतःच्या गळ्याला हात लावून. तिनं ती ऐकून घेतली. विश्वास ठेवला असं मात्र म्हणवत नाही.

यंदा तीही त्याच गावात शिकायला आली. "त्याला एकटं सोडू नकोस गं," आईनं निघताना सांगितलं होतं. आता धडधाकट बाप्याला सांभाळायचं म्हणजे काय, कपाळ? पण बाजारहाट तरी दोघं मिळून करायची. रांगेत कुणी मध्ये घुसलं की दादाच्या मानेची शीर उडायची. मग ती त्याची बाही धरून ठेवायची आणि काहीतरी बडबडत राहायची.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. दादा तेल आणायला पलीकडच्या रांगेत गेला आणि धाकटीला भाज्यांत भेंडी दिसली. किती महिन्यांनी! हात आपोआप पुढे झाला. आईसारखंच एकेक उचलायची, टोक मोडायचं. कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. गावाकडची भाजीवाली यावर फार तर चार शब्द सुनावायची. इथे असं कुणी करत नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मोडकी टोकं खोक्याच्या कडेला साठत गेली.

मागून कुणीतरी तिचं मनगट पकडलं. दुकानाचा सिक्युरिटीवाला होता, दारात मावणार नाही एवढा. "माल नासवतेस? चल आत," तो त्याच्या भाषेत गुरकावला.

धाकटीच्या घशाशी आलेली किंकाळी तिनं गिळली. ओरडावं तर दादा येणार. दादा आला तर हा माणूस आडवा होणार आणि दादाचं शिक्षण मातीत जाणार. तेव्हा ती हसली. दुखत असताना हसली, वेडी कुठली! "चूक झाली, सगळी विकत घेते," असं हळू आवाजात म्हणाली.

त्याला वाटलं, पोरगी आपली टिंगल करतेय. त्यानं हात पाठीमागे पिरगाळला आणि तिला खोक्यांवर दाबलं. फळीची कड ओठात घुसली, तोंड रक्तानं भरलं. बाबागाडीवाली एक बाई थबकली आणि गाडी वळवून चालती झाली. धाकटी तरीही ओरडली नाही, रक्ताळल्या ओठांनी हसतच राहिली. हिची टिंगल थांबत नाही असं वाटून त्यानं आणखी जोर लावला. मनगटात काहीतरी वाजलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

अंधारी सरली तेव्हा खांद्यावरून मागे तिला दादा दिसला. सिक्युरिटीवाल्याच्या पाठीमागे, दोन पावलांवर. चेहरा पांढराफटक. हात डोक्याच्या वर आणि उजव्या हातात तेलाची काचेची बाटली.

संपलं, असं तिला वाटलं. बाटली त्या टकलावर फुटणार, माणूस मरणार. तिचा मोकळा हात शेजारच्या मांडणीवर गेला, हाताला टोमॅटोचा पत्र्याचा डबा लागला. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून तिनं तो फेकला. डबा दादाच्या भुवईवर बसला. दादा आवाज न करता गुडघ्यांवर आला, मग कुशीवर. बाटली फुटली. तेल आणि रक्त फरशीवर एकत्र पसरत गेलं.

सिक्युरिटीवाल्यानं घाबरून तिला सोडलं. ती तेलातून घसरत दादापाशी पोहोचली.

"कशाला आलास रे? कशाला बाटली उगारलीस?"

"उगारली नव्हती." दादाच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं, दुसऱ्यानं तो तिच्याकडे बघत होता. "हात वर केले होते. मारत नाही म्हणून दाखवायला. त्याला म्हणणार होतो, भाऊ आहे तिचा, सोडा तिला. बाटली ठेवायला जागाच नव्हती."

पोलीस आले. मॅनेजरनं कॅमेऱ्यातलं चित्र पुढेमागे करून दाखवलं. या मुलानं कुणाला बोट लावलेलं नाही, पोलिसानं मान डोलावून सांगितलं. सिक्युरिटीवाल्याला बाजूला नेलं. मग तो पोलीस दादाकडे वळला. "बहिणीविरुद्ध तक्रार द्यायची आहे?"

दादानं नाही म्हणून मान हलवली. कॉलेज वाचलं होतं. धाकटीला हायसं वाटायला हवं होतं, पण तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, मला वाटलं..."

"सगळ्यांनाच वाटतं," तो म्हणाला.

रुग्णवाहिकेची वाट बघत दोघं भिंतीला टेकून बसली. दादाच्या कपाळावर धरलेलं फडकं ओलं होऊन घसरत होतं. ते नीट करावं म्हणून धाकटीनं धड असलेला हात त्याच्या चेहऱ्याकडे नेला, तसा दादा दचकून मागे सरकला.