दुधाची साक्ष

माझं नाव कोणी घेत नाही, आणि आता कोणी घेतलं तर मीच मागे वळून बघणार नाही. आमच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात, म्हणून मी मर्झूकची आई. मर्झूक एकोणीस दिवस जगला. त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट, आणि तरी वाण्यापासून इमामापर्यंत सगळे मला त्याच्याच नावानं हाक मारत. मला कधी राग आला नाही. पोराचं नाव तरी रोज कोणाच्या तोंडी येतंय, एवढंच.

तर त्या दिवशी तैबाचा ड्रायव्हर पत्रिका घेऊन आला. सोनेरी कड, जाड कागद, आत हॉटेलचं नाव. तैबाच्या मुनीराचं लग्न. नवऱ्यामुलाचं नाव मिशारी, आडनाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. निकाह लागून तीन आठवडे झालेले, पाठवणी नऊ दिवसांवर.

मला आनंद झाला आणि रागही आला. पत्रिका ड्रायव्हरच्या हाती पाठवायची असते का? आखाताच्या किनाऱ्यावरच्या शर्क वस्तीत, आमच्या जुन्या गल्लीत, लग्न ठरण्याआधी बायका दारोदार जायच्या. बसायच्या, कॉफी घ्यायच्या आणि मग मुद्द्याचं विचारायच्या: दुधाचं काही आहे का? कारण त्या गल्लीत कोणाची बाळंतीण तापानं फणफणलेली, कोणी पाण्याला गेलेली, आणि पोर रडतंय म्हटल्यावर जी जवळ असेल ती त्याला छातीला लावायची. एका बाईचं दूध पोटभर पाच वेळा प्यायलेली पोरं भाऊबहीण होतात. मग त्यांचं लग्न सख्ख्या भावाबहिणीइतकंच हराम. गल्लीतल्या प्रत्येक बाईला हा हिशोब तोंडपाठ असायचा आणि त्यात चूक व्हायची नाही.

मग तेल आलं. सरकारनं आमची मातीची घरं अशा किमतीला घेतली की पुरुषांचं डोकंच फिरलं. बुलडोझर आला, गल्ली आठवड्यात सपाट झाली, आणि चिठ्ठ्या टाकून आम्हाला दूरदूरच्या वस्त्यांत जागा मिळाल्या. मी कैफानला, तैबा रुमैथियाला, बाकीच्या कुठे कुठे. घराची लांबीरुंदी मोजली, शेजार कोणी मोजला नाही. माझी चूल होती तिथे आज कुठल्याशा मंत्रालयाच्या मोटारी उभ्या असतात. नव्या घरात मार्बल आहे, एअर कंडिशनर आहे, नळाला पाणी आहे. खिडकी मात्र वर्षानुवर्षं उघडलेली नाही. उघडून हाक मारायची कोणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॅक्सी करून तैबाकडे गेले. मुनीरा मला परकी नव्हती. तिच्या जन्मानंतर तैबा चाळीस दिवस मिशनच्या इस्पितळात पडून होती, आणि ते चाळीस दिवस मुनीरा माझ्या अंगावर प्यायली. तैबा हे सगळ्यांना सांगायची, दर ईदला मला कापड पाठवायची. म्हणजे नवरी माझीही मुलगीच होती.

"आलीस? मला वाटलं रुसून बसशील," तैबा म्हणाली. दिवाणखान्यात भेटींचे खोके रचलेले. "ड्रायव्हरला पाठवलं म्हणून शिव्या दिल्यास ना?"

"दिल्या. तुला नाही, ड्रायव्हरला."

ती हसली. मोलकरणीनं वेलची घातलेली कॉफी आणि खजूर ठेवले. तैबाची बडबड सुरू झाली. जावई इंजिनियर, परदेशात शिकलेला, नजर खाली घालून बोलणारा. परदेशी जाण्याआधी इथल्या विद्यापीठात दोघांची ओळख झाली, पण सगळं रीतीनं झालं हं. "आणि गंमत सांगू? मूळचे शर्कचेच! आडनाव कागदोपत्री घेतलेलं आहे. बाप यूसुफ, गलबतावर असायचा. आजा शिडं शिवायचा. बिचाऱ्याची आई तो जन्मला तेव्हाच गेली. मग बापानं बसऱ्याला दुसरं लग्न केलं आणि पोराला तिकडे नेलं, परत आले ते पोर मोठं झाल्यावर. आपल्यातलाच निघाला बघ!"

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"तैबा," मी म्हटलं, "शिडवाल्याच्या घरातलं ते यतीम, आईविना पोर आठवतं तुला?"

"कुठलं?"

"सगळे यतीमच म्हणायचे त्याला. नाव कोणी घेत नव्हतं. मर्झूक गेला त्याच आठवड्यात त्याची आई गेली. त्याची आजी त्याला माझ्या मांडीत ठेवून गेली. तू इस्पितळातून आलीस तेव्हा माझ्या एका बाजूला मुनीरा होती आणि दुसऱ्या बाजूला तो. त्यानं तुझ्या बांगड्या ओढल्या होत्या."

तैबाच्या चेहऱ्यावरचं हसू जागेवरच थिजलं. ते काढून टाकायचं तिला सुचेना. "ते शेंबडं पोर?"

"तेच."

तिनं मोलकरणीला बाहेर घालवलं, दार लावलं आणि परत येऊन माझ्या पायाशी जमिनीवर बसली. लहानपणापासून मी तिला ओळखते, कोणाच्या पायाशी बसणारी बाई नव्हे ती.

"किती वेळा पाजलंस?"

"सोळा महिने, तैबा."

"त्यांच्या घरात बकरी होती. बकरीच्या दुधावर वाढला तो. तू कधीमधी घेतलं असशील. चार वेळा. चार वेळा म्हण."

"तूच बघितलंयस की."

"मी विसरले! आजी मेली, शिडवाला मेला, गल्ली मेली. कोण आहे विचारायला? मी विसरले, तूही विसर. निकाह लागलाय तिचा. लोक काय म्हणतील? पोरीत खोट होती म्हणून पाठवणीआधी सोडली म्हणतील. दुधाबिधाची गोष्ट आता कोणाला खरी वाटणार आहे?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा ती उठली, आणि जे बोलली ते मी अजून गिळू शकलेले नाही.

"तुला स्वतःचं एक जगवता आलं नाही, म्हणून आमची दोन हवीत तुला."

मी अंगावरची काळी अबाया सावरली आणि निघाले. टॅक्सीत बसल्यावर वाटलं, तिचं ते बोलणं खोटं असतं तर किती बरं झालं असतं.

दोन दिवस मी नमाज पढले, भात केला, टाकून दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी मुनीरा आली, स्वतः गाडी चालवत. डोकं उघडं, केस मानेशी कापलेले, डोळे सुजलेले. ती नागरी नोंदणीच्या कचेरीत कामाला होती. आत आली आणि नेहमीसारखं माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. मग समोर बसली. लहानपणापासून ती मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची.

"खाला, आई म्हणते तुमच्या आठवणीचा आता भरवसा नाही."

"तुझी आई रडत होती का?"

"हो."

"मग भरवसा आहे."

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "मी रोज माणसांच्या नोंदी करते. बाप, आजा, जन्मतारीख, रक्तगट, घराचा नंबर. एवढे रकाने आहेत त्या कागदावर. दुधाचा रकाना नाहीये, खाला. कोणाला सुचलाच नाही. मलाही नाही."

"लिहिणारे पुरुष असतील."

ती हसायला गेली आणि रडायलाच लागली. मी तिला जवळ घेतलं. तशीच माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती म्हणाली, "चार म्हणा ना. मी तुम्हाला खरं काय ते विचारतच नाहीये. फक्त चार म्हणा. मी पुन्हा कधी काही मागणार नाही."

मला चार म्हणायचं होतं. अल्लाची शपथ, शब्द ओठावर होता. गुन्हा माझ्या डोक्यावर घेतला असता, कयामतच्या दिवशी बघून घेतलं असतं. मला देवाची भीती कमी नाही, पण या पोरीच्या रडण्यापुढे ती तोकडी पडली होती. मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीनं, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

चार म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? मर्झूकला पुरून घरी आले तेव्हा माझी छाती दगडासारखी दुखत होती, कपडे भिजत होते, आणि ज्याच्यासाठी दूध होतं तो मातीत होता. तेव्हा ते काळंसावळं, हाडकुळं पोर कोणीतरी माझ्या मांडीत ठेवलं. त्यानं तोंड लावलं आणि मी पुन्हा माणसात आले. त्याचा पहिला दात माझ्या अंगावर उमटला. तो पहिल्यांदा चालला तो माझ्या दिशेनं. तीन वर्षांचा असताना त्याचा बाप त्याला गलबतात बसवून घेऊन गेला, आणि मी किनाऱ्यावर उभी होते तर मला कोणी विचारलंसुद्धा नाही, कारण मी कोण होते? आता चार म्हटलं की तो माझा कोणीच नव्हता असं मी स्वतःच्या तोंडानं सांगणार. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला आई म्हणण्याजोगं तेवढं एकच काम होतं.

"सोळा महिने," मी म्हटलं.

मुनीरा माझ्या खांद्यावरून बाजूला झाली. पदर सावरावा तशी तिनं स्वतःची कॉलर नीट केली, पर्समधून किल्ल्या काढल्या.

"मग मीच काझीकडे जाते. आईला सांगणं जमणार नाही. तुम्ही शपथ घ्यायला या."

काझीच्या खोलीत मी मिशारीला बावीस वर्षांनी पाहिलं. उंच, रुंद खांद्याचा, पांढराशुभ्र पायघोळ दिश्दाशा घातलेला. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. काझीनं मला शपथ घातली आणि किती वेळा असं विचारलं. मी सांगितलं. त्यानं यूसुफला विचारलं, "तुमच्या मुलाला कोणी पाजलं?"

यूसुफ आता म्हातारा झाला होता. जमिनीकडे बघत म्हणाला, "कोणीतरी शेजारीण होती. मी गलबतावर होतो. नाव विचारायचं राहून गेलं."

पाव तासात निकाह मोडला. कारकुनानं कागदावर लिहिलं: दूधआई, आणि पुढे माझं खरं नाव, त्याखाली दोघांची नावं. मला वाचता येत नाही, त्यानं वाचून दाखवलं. तैबा भिंतीला टेकून रडत होती, मुनीरा खुर्चीत ताठ बसली होती, आणि तशातही ते नाव ऐकून माझ्या मनाला बरं वाटलं. लाज वाटली, पण बरं वाटलं. तैबा तेव्हा काय बोलली होती ते मला त्या क्षणी आठवलं, आणि ते खोटं होतं असं मला म्हणता येईना.

लोक बोलायचे ते बोललेच. दूध वगैरे निमित्त आहे, पोरीचंच काहीतरी असणार. दीड वर्ष मुनीराला एक स्थळ आलं नाही. शेवटी आला तो दोन मुलांचा बाप असलेला विधुर. त्याच्या घरच्यांनी एक अट घातली. पहिला निकाह दुधामुळेच मोडला हे चारचौघांत दिसलं पाहिजे. म्हणून मिशारीनं लग्नात भाऊ म्हणून यावं, नवरीच्या भावांसोबत बायकांच्या दालनात यावं. परक्या पुरुषाला तिथे पाऊल टाकता येत नाही, भावाला येतं. मुनीराच्या बापानं मिशारीच्या हातापाया पडून त्याला तयार केलं.

मलाही पत्रिका आली. त्यावर मुनीरानं हातानं काहीतरी लिहिलं होतं. शेजारणीच्या मुलीकडून वाचून घेतलं: खाला, या.

हॉटेलचं दालन गच्च भरलं होतं. अत्तर, उदाचा धूर, ढोलक्या. मुनीरा व्यासपीठावर बसली होती, नटलेली, दमलेली. मग कोणीतरी ओरडलं, "पुरुष येताहेत!" आणि शंभर बायकांनी भराभर अबाया डोक्यावरून ओढल्या, तोंडं झाकली. मी झाकलं नाही. त्यातल्या एकापुढे मला गरजच नव्हती. नवरीचा बाप, तिचे दोन भाऊ मलाही परके, पण त्यांच्यामागून जो येत होता त्याची मी आई होते. काझीच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं. त्यानं बघावं म्हणून मी अबाया मुद्दाम खांद्यावर ठेवली आणि चेहरा दाराकडे केला.

बापानं मुनीराच्या कपाळाचं चुंबन घेतलं, मग भावांनी. मग मिशारी पुढे झाला. त्यानंही रीतीप्रमाणे तिच्या कपाळाला ओठ लावले. मुनीरानं त्याची बाही धरली ती थोडा जास्तच वेळ धरली, मग सोडली. ढोलक्या वाजतच होत्या.

परत जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला. मी अर्धवट उठले. बायका बघत होत्या आणि मला वाटलं, आता तो वाकेल. काय म्हणेल ते मी मनात कितीदा म्हणून पाहिलं होतं. तो वाकला खरा, पण नजर त्याची टेबलावरच्या कपांवर होती.

"तोंड झाकून घ्या, खाला," तो हळूच म्हणाला. "परका माणूस आलाय."

मी अबाया ओढून घेतली. तो गेला, दार बंद झालं. आजूबाजूच्या बायकांनी पुन्हा तोंडं उघडली, पण मी तशीच बसून राहिले. शेजारची बाई दुसऱ्या वस्तीतली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे वाकून तिनं विचारलं, "कोण हो तो? तुमच्याशी काय बोलला?"

"नवरीचा भाऊ आहे," मी म्हटलं.