मागचं चाक

बाबांनी सायकल उचलली, उलटी केली आणि जुन्या वर्तमानपत्रावर सीट अन् हँडल टेकवून उभी केली. चाळीस वर्षं सायकलदुरुस्तीचं दुकान चालवलेल्या माणसाला एवढं जमायलाच हवं. तरी गुडघ्यांनी कुरकुर केलीच.

"बाबा, राहू द्या ना," मुलगा दारातून म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी कशाला हात काळे करताय?"

"पंधरा दिवस नुसतं बसून पांढरे पडलेत माझे हात."

एरवी मुलगा हसला असता. आज तो चौकट धरून तसाच उभा राहिला.

या परक्या देशात लेकाकडे आले त्याच दिवशी, तो सायकलवरून ऑफिसला जातो हे पाहून बाबांना वाईट वाटलं होतं. त्यांच्याकडे सायकल म्हणजे ज्याला दुसरं काही परवडत नाही त्याची. पोरावर ती वेळ येऊ नये म्हणून तर त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची पंक्चरं काढली. "बाबा, इथं मोठे साहेबही सायकलनंच येतात," मुलानं समजावलं, आणि ते खरंही निघालं. टाय लावलेली माणसं पॅडल मारत जात. बस ठरल्या मिनिटाला येई, आणि तिच्यात कुणी कुणाच्या कपड्यांकडे बघत नसे. सुनेनं त्यांना एकदा बसनं नेऊन मुलाचं ऑफिस बाहेरून दाखवलं होतं. चार थांबे, सगळा रस्ता तळहातासारखा सपाट. त्या संध्याकाळी बाबांनी घरी फोन लावून बायकोपुढे बढाई मारली होती, "अगं, इथं सायकल म्हणजे रुबाब!"

आता त्यांनी मागचं चाक फिरवलं. ते लटपटत फिरलं. आरे ढिले पडले होते. टायरवरची नक्षी पार पुसली गेली होती आणि ब्रेकची रबरं झिजून पत्र्याला टेकली होती. चेन बोटानं ओढली, तर सहज वर उचलली गेली.

"कधी घेतलीस म्हणालास?"

"चार महिने झाले."

"नवी?"

"नवीच."

बाबांनी कॅरिअरवरून हात फिरवला. तो मधोमध दबला होता आणि चार कोपऱ्यांवरचा रंग उडाला होता. कसली तरी जड पेटी रोज तिथे बसत होती. चार थांब्यांवरच्या ऑफिसला जाणारा टायर तीन वर्षं हू की चू करत नाही, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. माणूस खोटं बोलतो, पण चाकाला ते जमत नाही.

त्यांनी मान वर केली. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली.

"काय निघालं, बाबा? फार खराब झालीय का?"

मुलगा त्यांच्याकडे बघत होता. लहानपणी दुकानातला पंप मोडल्यावर आईसमोर त्यांच्याकडे बघायचा, अगदी तसाच. बाबांनी चहाचा घोट घेतला. जीभ भाजली.

"काही नाही. दुकानदारानं जुना टायर गळ्यात मारलाय याच्या. शिकलेला माणूस, फसायचाच."

सून जराशी हसली आणि आत गेली. बाबा दार लोटलं जाईपर्यंत थांबले.

"ऑफिस?"

"बंद पडलं, बाबा." त्यानं एकदा दाराकडे पाहिलं. "लोकांच्या घरी सामान पोचवतो. दुसरी नोकरी मिळेलच. तिला सांगू नका. आणि आईला..."

बाबांना पोराला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. दोन्हींतलं काहीच जमलं नाही. त्यांनी पाना उचलला.

"कोपऱ्यावरच्या दुकानातून टायर आण. आणि ब्रेकची रबरं. चांगली आण."

दुपारभर त्यांनी एकेक आरा आवळून चाकाचा आउट काढला, लटपट थांबवली. कॅरिअर सरळ करून त्याला खालून पट्टीचा आधार दिला.

सोमवारी सकाळी मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून, सायकल घेऊन निघाला. बाबा जिन्याच्या तोंडापर्यंत गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"पेटी सीटला चिकटवून बांध. मागं सरकली की पुढचं चाक हलकं होतं."

मुलानं मान हलवली. मान काही वर आली नाही.

"बाबा," स्वयंपाकघरातून सुनेची हाक आली, "ब्रेक नीट आवळलेत ना? पुलाच्या उतारावर फार जोरात जातो हा, परवा मी..."

आणि ती एकदम थांबली. आतला नळ तेवढा वाहत राहिला.

ऑफिसच्या वाटेवर पूल नव्हता. मुलाचा हात हँडलवर तसाच राहिला.

"आवळलेत, पोरी," बाबा म्हणाले. "दोन्ही."